चारशे बारा घरं

दीक्षा : हे पत्र वाचा न बाबा. रजिस्ट्रीनं उलटे सवाल पाठवले.

शामराव : जमिनीची रजिस्ट्री?

दीक्षा : इंटरनेटच्या पत्त्यांची. नेटवर जायले नंबर लागतो, तो हे लोक वाटतात. आजवर मी मोठ्या कंपनीचे चार नंबर उसने घेऊन अख्ख्या पुरानी बस्ती मोहल्ल्याचं नेट चालवून राहिली.

शामराव : मंग बिघडलं काय?

दीक्षा : मागं एका ग्राहकानं आगाऊपणा केला, तर एका साइटनं तो नंबरच बंद केला. त्याच्यामागची शंभर घरं अडकली. तिथल्याच शांतादीदीच्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म अडला. दीदी माझ्या दुकानात येऊन बसल्या, अन् मले काहीच करता नाही आलं. म्हणून आपले स्वतःचे पत्ते मागितले.

शामराव : हव, बरं केलं. विचारते काय ते?

दीक्षा : मशिनींची बिलं दाखवा, वर्षभरात पत्ते कुठं लावसान ते सांगा. अन् ग्राहकांची यादी पाठवा.

शामराव : तू ग्राहक किती लिहिले?

दीक्षा : नऊशे.

शामराव : हायत किती?

दीक्षा : चारशे बारा. या धंद्यातले सगळे म्हणे, वाढवून लिही, ते कापूनच देतात.

शामराव : मी तीस वर्षं रेल्वेत क्वार्टर वाटपाच्या टेबलावर होतो. लोक मेलेल्या आजीचं नाव बी अर्जात टाकत. मले कळे.

दीक्षा : अर्ज फाडत होते काय तुम्ही?

शामराव : काहून फाडू? माणसाले घर तर पाहिजेच होतं. चिठ्ठी पाठवो, घरची माणसं पुन्हा मोजून सांगा म्हणून. जो खरं सांगे, त्याचा कागद पुढं सरकवो. तुले तशीच चिठ्ठी आली.

दीक्षा : अन् नाव काटलं तर? दोन वर्षांची मेहनत हाय माझी.

शामराव : पुन्हा अर्ज करू. खरा आकडा लिही, अन् पहिला चुकीचा होता, हे बी लिही.

दीक्षा : लाज वाटते हो.

शामराव : वाटू दे. मी चहा ठेवतो, तोवर लिहून काढ.

(नऊ दिवसांनी, दुपारी. तात्यापाऱ्यातल्या घराचा जिना दीक्षा धावतच चढते.)

दीक्षा : बाबा, उत्तर आलं!

शामराव : नाही म्हणाले?

दीक्षा : मंजूर! दोनशे छप्पन पत्ते. अन् नव्या तऱ्हेचे तर इतके दिले, का मोजताच नाही येत; पण ते अजून सगळ्या साइटींवर चालत नाही.

शामराव : दोनशे छप्पनात चारशे बारा घरं बसतीन?

दीक्षा : काही जण वाटून घेतीन. पण एका नंबरामागं शंभर घरं नाही राहत आता. एकानं गडबड केली, तर त्याचं, फार तर त्याच्या वाटेकऱ्याचं दार बंद होईन.

शामराव : आकड्याच्या दुरुस्तीचं काही बोलले काय?

दीक्षा : एकच ओळ. ‘खरी माहिती कळवल्याबद्दल आभार.’

शामराव : हं. अन् हे वर कोणाचं नाव हाय? मले चष्म्याशिवाय दिसून नाही राहिलं.

दीक्षा : ज्याच्या ताब्यात पत्ते, त्याचं. दीक्षा शामराव मेश्राम, तात्यापारा, रायपूर.

शामराव : पुन्हा वाच. सावकाश.