धाग्याच्या भांगेचा परवाना आणि रहांगडाले साहेब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या शेतकरी गटातले वडीलधारे माननीय जागेश्वरजी बिसेन. व्यासपीठावर बसलेल्या सरपंच निर्मलाबाई. सेवानिवृत्त होत असलेले आमचे कृषी अधिकारी उमेंद्रजी रहांगडाले साहेब, त्यांच्या सौभाग्यवती मंजूताई, आणि धानाची रोवणी आटोपून अंग मोडून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना प्रेमिला कापगतेचा नमस्कार.

मला सांगितलंय, थोडक्यात बोला आणि गोड बोला. थोडक्यात बोलेन. गोडाचं सांगता येत नाही. या पिकापायी आम्ही सगळेच थकलो, आणि साहेब सगळ्यात जास्त.

साहेब पहिल्यांदा आमच्या अंगणात आले ते हेच सांगायला, की शासन धाग्याच्या भांगेची प्रायोगिक लागवड करू देणार आहे. नशेची नाही, दोर, कापड, कागदाच्या कामाची. आमच्या घरचे, कवडूजी, ताडकन उठले. "साहेब, मले जेलात धाडता का?" साहेब रागावले नाहीत. दुपारभर बसून समजावत राहिले. धान होत नाही असा आमचा उंचावरचा तुकडा होता. शेवटी तिथे पेरलं.

पीक डोक्याच्या वर गेलं आणि वास हायवेपर्यंत जायला लागला. सडक अर्जुनीकडून आलेला एक ट्रकवाला गाडी उभी करून सरळ बांधावर आला. "चाचा, माल है क्या?" कवडूजी म्हणाले, "है ना. पी के देख. नशा नाई येत, डोकसं तेवढं दुखते."

आज हसता तुम्ही. तेव्हा हसू येत नव्हतं. आमच्या गुंजनला पाहून गेलेले पाहुणे फिरले. गांजावाल्याची पोरगी नको म्हणाले. साहेब स्वतः त्यांच्या गावी गेले, परवाना म्हणजे काय ते सांगायला. हे सरकारी माणसाचं काम होतं का? सोयरीक जुळली नाहीच. पण ते गेले होते, हे मी विसरणार नाही.

मग तपासणीचा निकाल आला. नशेचा अंश मर्यादेपेक्षा जरासा जास्त. ऊन म्हणा, बियाणं म्हणा. नियम सरळ होता, उभं पीक जाळायचं. आणि तो हुकूम बजावायचा कोणी? ज्यांनी पेरायला लावलं, त्यांनीच.

कवडूजींनी हात जोडले. "एकडाव नमुना पुन्हा घ्या ना जी. शेंड्याचा फुलोरा कायले घेता? खालची पानं घ्या. कोन पाहून राहिला?"

साहेबांनी शेंड्याचा एक फुलोरा तोडून हातात घेतला. म्हणाले, "कवडूभाऊ, खालच्या पानात नशा कमी, नमुना पास होईलही. पण उद्या कोणी पुन्हा तपासलं, तर या भागात कोणालेच हे पीक घेता येनार नाई. माझ्यानं नाही होत."

आणि विळा घेऊन ते स्वतः कापायला उतरले. मी उतरले. कवडूजी उतरले नाहीत. पोलीस आणि पंचांच्या समोर ढीग पेटवला. हिरवं पीक ते, जळता जळेना. त्या दिवसापासून कवडूजी साहेबांशी बोलले नाहीत. साहेब आले की हे मागच्या दारानं गोठ्यात जायचे. साहेब चहा घ्यायचे, "कवडूभाऊ बरे आहेत ना?" एवढं विचारायचे आणि निघायचे.

तरी त्यांनी सोडलं नाही. दुसरं बियाणं आणलं. माझ्या नावावर पुन्हा लागवड झाली आणि या वेळी निकाल चांगला आला. पुढे धोरण ठरलं, बाजार उघडला, आम्ही पेढेही वाटले. आणि मग नियम वाचला. सलग मोठी जमीन असेल त्यालाच परवाना! आमच्याकडे कुठली सलग जमीन? बाहेरच्या एका कंपनीनं तिरोड्याकडे शेतं भाड्यानं घेतली. साहेब वर खेटे घालत राहिले, लहान शेतकऱ्यांच्या गटाला मिळून एक परवाना द्या म्हणून. उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. अजूनही विचाराधीनच आहे. यातून काही निघेल, असं तुम्हाला सांगायचा उत्साह माझ्यात उरलेला नाही. आणि साहेब तर आज चालले.

काल सकाळी या भाषणाचाच विचार करून राहिली होती, तर कवडूजींनी विचारलं, "काय बोलशीन त्याच्याबद्दल?" म्हटलं, तुम्हीच सांगा. ते बैलांना वैरण टाकत होते. टाकून झाल्यावर बोलले. "त्या दिशी त्यानं खालची पानं घेतली असती, तर आपलं पीक वाचलं असतं. मी खुश झालो असतो. पन मंग त्याच्यावर जनमभर भरोसा नसता ठेवला." आणि म्हणाले, "जेवाले बोलाव त्याले. मीच घ्यायले येतो."

साहेब, ते आले आहेत. त्या दाराशी उभे आहेत, आत बसायला लाजतात. मंजूताई, तुम्हीही यायचं आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं आणि तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल सर्वांची आभारी आहे. सभेची रीत मला फारशी ठाऊक नाही; तोंडून काही वावगं गेलं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर पोटात घाला. मी इथेच थांबते. घरी भात टाकायचा आहे.