दगडावरचं मीठ

आमी मूळचे कवठे महांकाळाकडचे, मेंढरंवाले धनगर. गाव म्हणायला हाय, पर काय सांगू तुम्हाला, माझा जल्मबी वाटंवरचा, आई बाभळीखाली बाळंत झाली आन दुसऱ्या रोजी बिऱ्हाड पुढं हाललं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार टाकायचा आन कृष्णाकाठ धरायचा. तिथलं शेतकरी वाटच बघायचं. त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्या-मुतानं रान कसदार व्हायचं, आन त्याच्या बदल्यात आमाला जोंधळं मिळायचं. मेंढरं हायती तवर आपुन हाय, असं आमचं मालक म्हणायचं. मालक म्हंजी माझं घरधनी, नाव घेत न्हाई मी.

मग लढाईचा वकत आला. सरकार म्हणालं, जादा धान्य पिकवा. पिकवलं की लेव्हीत मोजून न्यायचं, आन पिकवायसाठनं सवलतीत खत द्यायचं. एका हातानं न्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं, ह्याला काय म्हणायचं तुमीच सांगा. बागायतदार आमाला म्हणाय लागलं, आवंदा मेंढरं नगं, सरकारी खत हाय. लय राग यायचा मला. पोतं काय कोकरू देतंया व्हय? आन ते खत आमी डोळ्यानं बघितलं नव्हतं. खत म्हंजी काळं, वास मारणारं, एवढंच आमाला ठावं.

एका मळ्यातल्या आक्कानं तेवढं आमाला बसवून घेतलं, म्हातारी लय मायाळू. पर उठताना जोंधळं कुठनं देणार, कणगी लेव्हीनं खरवडलेली. तिचा लेक बाजारला गेलेला. म्हातारीला रिकामं लावून द्यायला जड वाटलं, म्हणाली, बाबा, सोप्यात सरकारनं दिलेली मिठाची पोती हायती, त्यातलं एक न्या, तुमच्या मेंढरास्नी हुईल. तिनंबी पांढरं बघितलं आन मीठच समजली, तिचा काय दोष?

मेंढराला मीठ लागतंच बगा, आन तवा मीठ मिळत नव्हतं, जनावरं माती चाटाय लागलेली. मालकांनी चिमूट जिभेवर ठिवली. खारट लागली, जरा कडवट. म्हणाले, जुनं असंल. सपाट दगडावर पसरलं, मिठाची हाळी घातली, आन मेंढरं एकमेकांवर पडत धावत आली.

घटकाभरात अंगं कापाय लागली. तोंडाला फेस, पोटं फुगलेली. ताक पाजलं, तेल पाजलं, बिरोबाला नवस बोलले. एकेक आडवं व्हत गेलं, आन जे पडलं न्हाई ते मालकांच्या पायाशी यून हुबं ऱ्हायचं, त्यांच्याच हाताकडं बघत. ते मला अजून दिसतं. दूधपिती कोकरं तेवढी वाचली.

लेक आला, पोतं बघितलं, म्हणाला, आये, हे खत हाय गं. म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं. समदी मेंढरं त्याच रानात पुरली, आन मालक त्याच मळ्यात सालगडी ऱ्हायले. दुसरं काय करणार, कोकरांवर का पोट चालतंय?

फुडल्या साली त्या रानात जोंधळा असा आला, माणूस आत गेला तर दिसायचा न्हाई. शेतीखात्याचा सायेब गाडी घिऊन बघाय आला. म्हणाला, बगा, सरकारी खताची करामत! लेकाला फेटा बांधला. लेकानं मान खाली घातली, पर फेटा बांधून घेतला. मालक बैलाचं कासरं धरून शेजारीच हुबं.

त्या दिसापास्नं त्यांनी मीठ सोडलं. मरूस्तवर अळणी खाल्लं. मी भाकरीसंगट खायाचं कोरड्यास शिजवायची आन मीठ टाकायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. आता त्यांस्नी जाऊन लय वर्सं झाली. नातवंडं शेती करत्यात, पोत्यानं खत टाकत्यात, बरं पिकतं. पिकू दे बाबा, समद्यांचं पिकू दे. पर चुलीपुढं बसलं की हात आपसूक वाटी काढतो, आन मग ती अळणी वाटी मीच खाते.