संगीच्या बाटलीतला पाऊस

माझं म्हायेर उत्रोलीचं, भोरच्या शेजारचं, आन दिली पासलीला, पार वेल्ह्याच्या डोंगरात. भात तिकडं बी आन हितं बी, पर हितला पाऊस काय सांगू तुमाला, चार म्हैने उंबरा सुकत न्हाई. आमाला एकच लेक, संगीता. सातवीत व्हती तवा साळंतनं शिकून आली, थंड्याच्या बाटलीचं त्वांड कापून तिच्यातच उलटं बसवलं, बुडाला खडं टाकलं, बाजूला मोडकी पट्टी चिकटवली, म्हनली आई, ह्यात पाऊस मोजायचा. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बाण केला, सायकलच्या तारंवर बसवला, वारा कुनीकडनं येतो ते कळाया. रोज सकाळी परसात जायाचं, बाटली बघायची, क्यालेंडरावर लिवायचं. आमची खाचरं वड्यापल्याड, तर हे कवतिकानं इचारायचे, काय संगाबाई, जाऊ का आज पल्याड? ती सांगंल तसं जायाचे, लई इश्वास.

त्या दिशी म्हनली, आबा, दोन रेघा बी पडला न्हाई, जावा बिनघोर. गेले. हितं नुसती झिमझिम, पर वर डोंगरमाथ्यावर कोसळला, ते बाटलीला कसं कळावं हो? लावनीच्या रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन हे वड्याच्या मधी पोचले आन लोंढा आला. दुसऱ्या दिशी लई खाली, करंजाच्या मुळ्यात घावले.

आन म्या काय केलं, आजवर कुनाला बोलले न्हाई. दारात मयत, बाया रडत्यात, पोर माझ्या पदराला बिलगाया आली आन म्या म्हनलं, तुझ्या बाटलीनं खाल्लं त्यांना. येवढंच. पोर रडली बी न्हाई. उठली, परसात गेली, बाटली फेकली, बाण उपटला, क्यालेंडर फाडलं. तेरावं झालं, माझा भाऊ जाया निघाला तर म्हनली, मामा, मी तुमच्यासंगं येते. म्या अडवली न्हाई. अडवायला पायजे व्हती.

मामाकडंच शिकली. आता भोरात दवाखान्यात नर्स हाय, नवरा चांगला, एक पोरगी हाय. दिवाळीला येती, हासती, माझं डोकं धुती. पावसाळ्यात मातर एक दिस आली न्हाई. गेल्या साली फोनवर धीर केला, म्हनलं संगे, त्या दिशीचं माझं बोलनं... तर म्हनली, आई, गोळी घेतली का बीपीची? म्या म्हनलं, व्हय, घेतली.

आता परत न्हाई इचारनार. सुखात ऱ्हाऊ दे तिला. तिच्या त्वांडातनं तिच्या लेकीला असं कवा निघू नये, येवढंच मागते देवापाशी.