फडफडत्या पडद्यावरची भेग

मंगळवार, दुपारचे चार. खामगाव, बसस्टँडच्या मागे कडूबाचं फ्लेक्सचं दुकान. दसरा होऊन आठवडा झालेला. आणि मी, हयात बातमीदारीत घालवलेला माणूस, त्या दुकानात एका वाकड्या पायाच्या खुर्चीवर बसून तिसऱ्यांदा एकच सल्ला ऐकतोय, की शेखरभाऊ, बंद करून चालू करा.

अहो, किती वेळा बंद करू? आणि चालू करून काय करू? चालू केलं की पुन्हा तेच. फोटो उघडला की पडदा फडफडायला लागतो, उन्हाळ्यात वावटळीत सापडलेल्या धोतरासारखा. आत्ता फोटो आहे, आत्ता नाही, आत्ता अर्धाच आहे, आत्ता त्याच्यावर काळे पट्टे, आत्ता पांढरे... तुम्हाला सांगतो, मी दंगली पाहिल्या, पूर पाहिले, आमदारांच्या पत्रकार परिषदा पाहिल्या, पण इतकं गरगरलं नव्हतं.

काम तरी काय होतं? एक फोटो. इथून दहा-बारा कोसांवर एक खेडं आहे, नाव सांगत नाही, सांगितलं तर सरपंच उद्या माझ्या ओट्यावर येऊन बसेल. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नवी खोली बांधली. बुधवारी सकाळी उद्घाटन. आणि मंगळवारी सकाळी तिथल्या मुख्याध्यापिका जयमाला मॅडम यांनी मला बोलावून घेतलं, खोलीचं दार आतून लावलं आणि बोट वर केलं. स्लॅबला भेग. पंख्याच्या हुकापासून निघालेली ती थेट खिडकीच्या डोक्यापर्यंत. केसाएवढी म्हणाल तर नाही, पोस्टकार्ड आत सरकेल अशी. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, उद्या फीत कापली की परवापासून माझी चौथीची लेकरं ह्याच्याखाली बसवा म्हणतील. मी तोंडानं सांगून थकले. म्हणतात, मॅडम, नवीन बांधकामाला असं होतंच. छापून आलं तर ऐकतील.”

छापून आलं तर ऐकतील. बघा, अजून अशी माणसं आहेत जिल्ह्यात.

तर मी फोटो काढला. पण खोलीत अंधार, खिडकीतून उजेड, म्हणजे खिडकी झगझगीत आणि स्लॅब काळाकुट्ट. भेग आहे, पण उजळल्याशिवाय दिसत नाही. तसाच पाठवला अकोल्याला, डेस्कवर राजकुमार असतो, त्याला. त्याचा लगेच फोन. “शेखरभाऊ, फोटोत नुसता अंधारच हाय. उजळून पाठवा. सहाच्या आत पायजे, पान छपाईले सुटते.” म्हटलं, राजकुमार, तूच उजळ ना रे बाबा, तिथं ऑफिसात बसलायस, पंख्याखाली. “डेस्कवर मी एकटाच हाय भाऊ, आन पानं आठ हायेत.” झालं. म्हणजे बातमी मी आणायची, फोटो मी काढायचा, उजळायचाही मीच, जाहिरातीही मीच गोळा करायच्या, आणि नाव कोणाचं? आमच्या प्रतिनिधीकडून. बरं, माझ्याकडं ते फोटोचं सॉफ्टवेअर नाही, मोबाइलवर ते करायला माझी नजर पोचत नाही. म्हणून कडूबाचं दुकान.

आता कडूबाच्या दुकानाबद्दल सांगायला पाहिजे. कडूबा मालक, हरिओम ऑपरेटर. अख्ख्या तालुक्याचे वाढदिवस हे दोघं करतात. म्हणजे वाढदिवस दुसऱ्याचा, फ्लेक्स यांचा. हरिओमचा हात असा बसलाय की कोणाचाही चेहरा समोर आला की तो आधी उजळतो, मग पुसतो. मस पुसतो, डाग पुसतो, डोळ्याखालची काळी वर्तुळं पुसतो, गळ्यातला घाम पुसतो. चाळीस वर्षं उन्हात कापूस मोजलेला माणूस त्याच्या हाताखालून गेला की केकवरच्या क्रीमसारखा होऊन बाहेर पडतो. आणि त्याला विचारलं, हरिओम, हे कोण, तर म्हणतो, “मालूम नाही भाऊ, पर आता चांगले दिसतेत.”

तर तो पडदा. हरिओमनं माझा फोटो उघडला आणि फडफड सुरू. कडूबा मागून चहाचा कप घेऊन आला, वाकून पाहिलं, म्हणाला, “भेग हाय... नाही... हाय... नाही. शेखरभाऊ, तुमची बातमी बी अशीच हाय का?” मी म्हटलं, कडूबा, मस्करी नको, सहा वाजता पान सुटतं. “मंग बंद करून चालू करा ना. मशीन हाय ते. माणसावानी त्यालेबी दम लागते.”

बंद केलं. चालू केलं. फडफड. मग कडूबानं शोध लावला की कूलर त्याच बोर्डावर आहे म्हणून होते. कूलर काढला. आम्ही तिघं घामानं थबथबलो, पडदा फडफडतोच आहे. मग वायर हलवली. मग वायर उलटी लावली. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मॉनिटर उसना आणून लावला, तोही फडफडला. म्हटलं, कडूबा, दुसरा मॉनिटरही तेच करतोय, म्हणजे मॉनिटरचा दोष नाही. तर म्हणतो, “त्यालेबी लागन झाली.” बोला. मग हरिओमनं एक लिंबू आणलं. मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं ते लिंबू पुन्हा खिशात घातलं आणि थोड्या वेळानं पाण्यात पिळून पिऊन टाकलं.

शेवटी मी कंपनीला फोन लावला. फोटोच्या सॉफ्टवेअरवाल्या. आधी गाणं. मग एक बाई, आवाज असा की नुकतीच देवघरातून उठून आली असावी. “सर, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ। क्या आपने एक बार बंद करके चालू किया है?” म्हटलं, बाई, दुपारपासून... नाही, हिंदीत म्हटलं, पण तुम्ही समजून घ्या. ती म्हणाली, हा आमचा विषय नाही, ग्राफिक्स कार्डवाल्यांना विचारा. कार्डवाल्यांना लावला. तिथला गडी म्हणाला, कार्ड उत्तम आहे, ज्यांचा कम्प्युटर त्यांना विचारा. त्यांना लावला. ते म्हणाले, सॉफ्टवेअर कुणाचं आहे? त्यांना विचारा. तुम्हाला सांगतो, क्षणभर मला वाटलं की मी चुकून आपल्या बांधकाम विभागालाच फोन लावलाय. तोच सूर, तीच अदब, आणि प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याच्या टेबलाकडं.

पण मीही सोडणारा माणूस नाही. पुन्हा पहिल्या बाईला लावला आणि सांगितलं, ताई, मी पत्रकार आहे, तुमचं नाव सांगा. आवाज बदलला बघा. म्हणाली, सर, सेटिंगमध्ये जा, ‘ग्राफिक्स प्रोसेसर वापरा’ असं लिहिलंय, त्याच्यापुढची खूण काढा. काढली. आणि पडदा थांबला. एकदम. आम्ही तिघं एकमेकांकडं पाहायला लागलो, जसं बऱ्याच दिवसांनी गावात लाइट यावी तसं. पण कसलं काय, सॉफ्टवेअर इतकं हळू झालं की फोटो थोडा उजळायला सांगितला तर तो विचार करत बसला, नवरीच्या बापासारखा. बाई म्हणाली, सर, म्हणजे तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष आहे. हल्ली काही अपडेट झालं का?

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते मी कडूबाला समजावलं. आपल्या मार्केट यार्डात शेतकरी असतो, जिनिंगवाला असतो आणि दोघांच्या मधे अडत्या असतो ना? तसं सॉफ्टवेअर आणि कार्ड यांच्या मधला हा अडत्या. तो नवीन आला, त्याला कुणाची ओळख नाही, की सगळा सौदा फिसकटतो. कडूबाला पटलं. म्हणाला, “पर आपन तं अडत्या बदललाच नाही.”

आणि हरिओम हळूच म्हणाला, “बदलला असंन. नवमीले.”

ऐका आता. खंडेनवमीला यांनी कम्प्युटरची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, सगळं. पूजेला मशीन चालू पाहिजे, कारण देवासमोर काळा पडदा चांगला दिसत नाही, म्हणून पडद्यावर देवीचा फोटो लावून ठेवला, इंटरनेटही तसंच चालू. आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही रीत. म्हणून दिवसभर कोणी हात लावला नाही. ती मशीन एकटीच बसली, मोकळी, पोटभर इंटरनेट, आणि तिनं आपल्या आपण नवा ड्रायव्हर ओढून घेतला. हरिओम म्हणाला, “मधात निळा पडदा आला व्हता भाऊ, दहा टक्के, वीस टक्के असा शेकडा चालत व्हता, थांबवा की चालू ठेवा इचारत व्हता. पर कडूबाभाऊ म्हने, आज हात लावाचा नाही. मंग दसऱ्यापासून दुकान बंदच, आज पयला फोटो उघडला तो तुमचाच.” मी कडूबाकडं पाहिलं. कडूबा म्हणाला, “मंग? रीत हाय ते.”

वर्षभर ज्या मशीनीला पाय लागतो, चहा सांडतो, जिच्यावर वडापावचा कागद ठेवतात, तिला एक दिवस देवाचा मान दिला, आणि त्या एका दिवसात तिनं हा घोटाळा करून घेतला. आहे की नाही माणसासारखी?

बरं, उपाय सोपा निघाला. बाईनं सांगितलं, हरिओमनं बटणं दाबली, जुना ड्रायव्हर परत बसवला, ती खूण परत केली. आणि हो, बंद करून चालू केलं. या वेळी मात्र खरंच करायचं होतं. पडदा आला तो असा स्थिर, असा शांत, तळ्याच्या पाण्यासारखा. फोटो उघडला. उजळला. आणि भेग. स्वच्छ. हुकापासून खिडकीपर्यंत. मला, खरं सांगतो, जरा भरून आलं.

आणि तेवढ्यात फोन. पंजाबराव. ठेकेदार. ज्यांनी ती खोली बांधली ते. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. “शेखरभाऊ, काय करून राह्यले आपल्या शाळेचं? घरचं काम हाय, या ना चहाले, मंग बोलू.” मी हरिओमला म्हटलं, बारीकसारीक नीट कर आणि अकोल्याला पाठवून दे, आणि बाहेर आलो. आणि तुम्हाला सांगतो, असा धुतला मी पंजाबरावांना, असा धुतला, की बसस्टँडवरची माणसं बस सोडून माझ्याकडं पाहायला लागली. सिमेंट काढलं, वाळू काढली, लोखंड काढलं, त्यांनी बांधलेल्या मागच्या पुलापर्यंत गेलो. ते नुसते म्हणत होते, “बरं भाऊ. बरं भाऊ. छापा भाऊ.” आत आलो तर हरिओम म्हणाला, “पाठवलं भाऊ. एक नंबर झालं.” राजकुमारचाही मेसेज, फोटो मिळाला, छान आहे.

छान आहे.

बुधवारी सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर, चार कॉलम. ‘उद्घाटनाआधीच वर्गखोलीच्या स्लॅबला तडा’. आणि खाली फोटो. पांढराशुभ्र स्लॅब. गुळगुळीत. मऊ. लोण्यासारखा. भेग? भेग नाही. भेगेची सावली नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याच्या कपाळावर एक आठी नसते तशी.

मी तसाच दुकानात. हरिओम, भेग कुठाय? तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, पडदा थांबला तरी एक लाइन ऱ्हायली व्हती ना वरतून खालतपर्यंत. मले वाटलं, ते फडफडीचीच हाय. मी साफ केली. बारीकसारीक नीट कर म्हने ना तुमी?” आता याला काय म्हणायचं? तासभर ज्यानं त्या पडद्यावर खोट्या रेघा पाहिल्या, त्यानं खरी रेघ तेवढी पुसली. आणि तीही मन लावून. सिमेंटचा पोतसुद्धा जुळवला होता हो त्यानं.

राजकुमारला लावला. “तडा मले बी नाही दिसला भाऊ, पर म्या म्हटलं तुमी जाग्यावर जाऊन आले, तुमाले दिसला असंन.”

तिकडं शाळेत गेलो तर फाटकावर फ्लेक्स. पाच बाय आठ. माझाच फोटो, तोच लोण्याचा स्लॅब, वर ‘दर्जेदार बांधकामाची साक्ष’, खाली पंजाबराव हात जोडून, चेहऱ्यावर एक डाग नाही. पहाटेच छापून घेतलेला. कुठं? कडूबाकडं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, “धंदा हाय भाऊ. आन फोटो तं तुमचाच व्हता, मी म्हटलं तुमाले बरंच वाटंन.” खोलीत पाहुणे वर पाहतायत, स्लॅबवर भेग बुजवायला मारलेली ताजी पुट्टी, ओलीच, एका पाहुण्याच्या टोपीवर ठिबकली. पेपर सगळ्यांच्या हातात. एक जण मला म्हणाला, “कुठं तडा गेला म्हणता पत्रकार साहेब, डोक्यात का?”

जयमाला मॅडम फितीच्या ताटापाशी उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, “भाऊ, मी तुम्हाला भेग दाखवली होती. तुम्ही मला ती गुळगुळीत करून दिली.” आणि चौथीच्या लेकरांना रांगेनं घेऊन व्हरांड्यात गेल्या. खोलीत नाही. तिथंच सतरंजी टाकून पाढे सुरू. यावरून आपल्याला नोटीस येणार हे त्यांना माहीत होतं.

मी खरा फोटो पुन्हा पाठवला. राजकुमार म्हणतो, “एकाच स्लॅबचे दोन फोटो कसे छापाचे भाऊ? लोक इचारतीन, खरा कोनता?” पंचायत समितीत गेलो, तिथले साहेब म्हणाले, “तक्रार आहे ना? मग खोली सध्या बंद ठेवू आणि थोड्या दिवसांनी चालू करू.” मी हसलो हो. काय करणार? सगळीकडं तोच इलाज.

पण मग शुक्रवारी गेलो तर खोलीला खरंच कुलूप. मोठं, पितळी. पंजाबरावांना विचारलं, म्हणाले, शाळेनं लावलं असंन. मॅडम म्हणाल्या, आम्ही नाही. साहेब म्हणाले, आमच्या विभागाचं कुलूप नाही. कार्यालयात लेखी उत्तर मागितलं, तर आलं की सदर स्लॅबला कोणतीही भेग नाही, सोबत पेपरातला फोटो जोडला आहे.

बरं. भेग नाही. मान्य. चौथीचा वर्ग अजून व्हरांड्यात भरतोय. आणि भेग नसलेल्या त्या खोलीला कुलूप कोणी लावलं आणि कशासाठी, हे आज या क्षणापर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही.