डब्याची खुट्टी

...आणि वर मलाच म्हणतात, टेबलाला हात लावू नकोस, रंग ओला आहे. अहो, रंग ओला आहे, पण पोळ्या गरम आहेत त्याचं काय? तुम्हाला सांगते, तीन वर्षं झाली, आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण झालेलं नाही. आम्ही दोघं खाली बसतो, गुडघे कुरकुरतात तरी खालीच बसतो, आणि वर टेबलावर ऐटीत कोण, तर मालगाडीचे डबे. प्रत्येकाखाली स्वच्छ कागद. माझ्या ताटाखाली कधी कोणी कागद घातला नाही.

आमचे हे, किशोर आहेर, मोजणी खात्यात होते. जिल्ह्यात असा बांध नसेल जिथं यांनी टेप धरला नाही आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. हे रिटायर झाले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, आता बघ, स्वयंपाकघरात लुडबुड सुरू. मी तयारीत होते, लुडबुड चालली असती मला. यांनी काय काढावं? लासलगावचा मालधक्का करायचा म्हणे. छोटासा. पंच्याहत्तर सालचा, कांदा रेल्वेच्या डब्यात भरायचे तेव्हाचा. मी म्हटलं, करा की, इथं नाशकात मेन रोडला छान गाड्या मिळतात खेळण्यातल्या. माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी देवघरात चपला घालून शिरले.

खेळणं नव्हे म्हणे, मॉडेल. खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. ऐंशीवा का नाही, सरळ शंभरावा का नाही? जगात तसंच करतात म्हणे. म्हणजे खरा डबा खोलीएवढा आणि यांचा माझ्या मधल्या बोटाएवढा, आणि त्या बोटाएवढ्या डब्यावर खऱ्याला जितके रिवेट, म्हणजे पत्र्यावरचे ते गोल खिळे, तितकेच रिवेट, पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याला मागून सुईनं टोचून टोचून काढायचे, श्वास रोखून, मी कुकर लावला तरी म्हणणार, शिट्टी नको, हात हलतो... आता शिट्टीशिवाय वरण कसं शिजवू मी? यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, असलेच सगळे. त्यात स्वराज म्हणून एक इंजिनिअर आहे पुण्याचा, फार गोड बोलतो. ‘काका, अप्रतिम. फक्त खालच्या पट्टीला तेरा रिवेट हवेत, तुम्ही चौदा दिलेत.’ झालं. अख्खा डबा कचऱ्यात. आठ दिवसांचं काम. मी म्हटलं, अहो एका रिवेटसाठी? एवढं कोण बघतंय?

‘मी बघतोय,’ म्हणाले.

एवढं कोण बघतंय. तीन वर्षांत हे वाक्य मी जितकं बोललेय तितकं ‘जेवायला या’सुद्धा बोलले नसेन.

बरं, जुना डबा बघायचा कुठं? ते डबे कधीच भंगारात गेले. पुस्तकं मागवली, फोटो जमवले, तर प्रत्येक फोटोत दारासमोर एक माणूस उभा. यांची चिडचिड. ‘हा माणूस बाजूला झाला असता तर कडी दिसली असती.’ पन्नास वर्षांपूर्वी फोटोला उभा राहिलेला बिचारा, त्याला काय ठाऊक?

शेवटी कळलं की दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत तसला एक डबा आहे, चाकं नाहीत, नुसता सांगाडा, औषधं आणि फवारणीचे पंप ठेवायला. निघालो. हे बागेत उतरले ते टेप हातात घेऊनच. आता तुम्हीच सांगा, मोजणीवाल्यासारखा दिसणारा माणूस टेप घेऊन शेतात शिरला की शेतकऱ्याला काय वाटेल? बागवाला संतोष नावाचा चांगला तरणा माणूस, त्याचा चेहराच उतरला.

‘काका, कुठल्या खात्याचे तुम्ही? रस्ता जातोय का इकडून?’

‘रस्ता नाही. डबा मोजायचाय.’

‘डबा कशाला? डबा बी जातोय का?’

मी मध्ये पडले, म्हटलं दादा, काही जात नाही, फक्त आमचं डोकं जातंय. मग त्याच्या आईनं चहा टाकला. हे डब्याखाली सरपटत गेले ते चार तासांनी बाहेर आले, शर्टाला सगळा गंज. तेवढ्यावर थांबले नाहीत. ब्लेडनं रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी, आणि सगळ्यात खाली भाजक्या विटेसारखा लाल. ती खपली घरी न्यायची तर कशात न्यायची? माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी होती. कुंकू मातीत ओतलं आणि खपली डबीत ठेवली. विचारलंसुद्धा नाही. नंतर आठवडाभर ती डबी घेऊन रंगाच्या दुकानांतून फिरत होते. दुकानदार म्हणे, साहेब, हा तर साधा गेरू. हे म्हणे, साधा नाही.

सगळं मिळालं, एक गोष्ट सोडून. या डब्याला दाराचा खालचा पल्ला असतो, लोखंडी, जड. तो बाहेर खाली पडतो, फळीसारखा. वर उचलला की कडीत खुट्टी मारायची, म्हणजे तो पडत नाही. संतोषच्या डब्याला कडी होती, खुट्टी नव्हती. ती जाड होती की बारीक, साखळीला होती की सुटी? ग्रुपमध्ये कोणाला माहीत नाही, स्वराजलासुद्धा नाही. मी म्हटलं, एक काडी चिकटवा आणि मोकळे व्हा, एवढं कोण बघतंय? या वेळी ‘मी बघतोय’ म्हणाले नाहीत. उठून गॅलरीत गेले.

आता मला एक मागचं सांगायला हवं. माझे सासरे, खंडेराव, त्याच मालधक्क्यावर हमाल होते. हे अकरा वर्षांचे असताना तो पल्ला सासऱ्यांच्या हातावर पडला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, पुन्हा गोणी उचलली नाही त्यांनी. आणि सगळ्या गावात एकच, खंडूनं खुट्टी मारली नाही, खंडूनं स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवला. शाळेत पोरं यांना ‘खुट्टी’ म्हणायची. सासू लोकांच्या शेतावर जायला लागली. शेवटची सहा वर्षं सासरे आमच्याकडे नाशिकला होते. सकाळी चहा घेताना कप हातातून निसटायचा. हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, ‘नीट धरता येत नाही का? आयुष्यात एक काम नीट केलं नाही.’ म्हातारा काही बोलायचा नाही. फडकं शोधायचा. मी फरशी पुसायचे. मीही काही बोलायचे नाही, तुम्हाला सांगते, ते माझ्याही खात्यावर आहेच.

तर खुट्टी. लासलगावातून कोणीतरी सांगितलं, सावळीराम म्हणून आहेत, तेव्हाच्या टोळीतले आता तेवढेच उरलेत, काचबिंदूनं डोळे गेलेत पण आठवण पक्की आहे. जायला काय झालं? विंचूरवरून एस.टी. जाते. पण हे जाईनात. आज ढग आहेत, उद्या लाइट बिल भरायचंय. दोन महिने. शेवटी मीच म्हटलं, जा एकदाचे आणि माझं टेबल मोकळं करा. मीच म्हटलं. आणि सोबत मीही गेले.

पत्र्याची खोली, बाहेर पलंग, पलंगावर म्हातारा. हातांचे पंजे मात्र अजून फावड्यासारखे. शेजारी त्यांची बायको, चांगुणाबाई, लसूण सोलत बसलेली. यांनी नाव सांगितलं नाही, नाशिकहून आलोय एवढंच म्हणाले आणि डबा त्यांच्या तळहातावर ठेवला. ‘बाबा, हळू. नाजूक आहे.’ म्हातारा अंगठ्यानं चाचपायला लागला, आम्ही बाळाच्या कपाळावरून फिरवतो ना बोट, तसा.

‘छप्पर गोल. बराबर हाय. शिडी, हां... हा ब्रेकचा दांडा लांब झाला.’

हे वही काढून, ‘किती लांब?’

‘लांब हाय. कमी कर.’

‘किती कमी?’

‘आता तुला काय सुतात सांगू का? कमी कर म्हनलं ना.’

चांगुणाबाई हसल्या, मीही हसले. म्हटलं, मिळाला यांना गुरू. मग म्हाताऱ्याचं नख त्या खालच्या पल्ल्यात गेलं आणि पल्ला पडला. टिक. एवढासाच आवाज. म्हाताऱ्याचा हात थांबला.

‘खुट्टी कुठंय याची?’

‘तेच विचारायला आलोय. सुटी होती की साखळीला?’

‘साखळीला. ईतभर साखळी.’

यांनी लिहिलं, वीतभर, भागिले सत्त्याऐंशी. म्हातारा म्हणाला, ‘तू कोनाचा म्हनालास?’

‘आहेर.’

‘कोन्त्या आहेराचा?’

यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, ‘खंडेरावांचा.’

म्हाताऱ्यानं डबा दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, चेपतो की काय आता. मग बोलायला लागला, आमच्याकडे नाही, डब्याकडे बघून, म्हणजे बघत नव्हताच तो. ‘त्या दिशी पल्ल्यावर मी व्हतो. माझं लगीन ठरलं व्हतं, हिच्याशी. पोरं चिडवत व्हती, मी हसत व्हतो. पल्ला वर केला आन् वरडलो, मारली खुट्टी. मारली नव्हती. इंजिनानं धक्का दिला, पल्ला आला खाली, खंडूचा हात धक्क्याच्या काठावर. मुकादम पळत आला, खुट्टी कोनाची? मी तोंड उघडायच्या आत खंडू म्हनला, माझी. तसल्यात म्हनला, रगत गळत व्हतं. दवाखान्यात पाया पडाया गेलो, तर म्हनतो, माझा हात तर गेलाच, आता तुझं लगीन कशाला घालवू. कोनाला बोलू नको.’

चांगुणाबाईंच्या हातात लसणाची पाकळी तशीच. म्हणाल्या, ‘मला कधी नाय बोलले तुम्ही.’

‘तुला काय बोलू?’

त्या उठून आत गेल्या. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

मी यांच्याकडे बघितलं. वाटलं, ओरडतील, रडतील, म्हाताऱ्याची गचांडी धरतील. पन्नास वर्षं हो. शाळेतली ती पोरं, शेतावर जाणारी आई, फरशीवरचा चहा. आणि यांनी काय करावं? चष्मा काढला, पुसला, परत घातला, पेन उघडलं आणि विचारलं, ‘जाडी किती होती खुट्टीची?’

‘अंगठ्याएवढी,’ म्हातारा म्हणाला.

लिहिलं. वही मिटली. म्हाताऱ्याच्या हातातून डबा अलगद सोडवून घेतला आणि तो हात धरून बसले थोडा वेळ.

परतताना एस.टी.त खिडकीशी बसले. विंचूर गेलं, निफाड गेलं, चेहरा तसाच, बाहेर. नाशिक जवळ आल्यावर म्हणाले, ‘बाबांचा तो कप आहे का गं अजून?’ मी म्हटलं, नाही, तो कधीच फुटला. ‘हं,’ म्हणाले. संपलं. त्यानंतर आजतागायत त्या विषयावर अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. तारेचे केसाएवढे तुकडे, चिमटा, भिंग. सोळा डब्यांना सोळा खुट्ट्या, साखळीसकट, कडीत मारलेल्या. सतरावा डबा केला आणि त्याची खुट्टी नुसतीच लोंबती ठेवली. मी म्हटलं, ही राहिली. ‘असू दे,’ म्हणाले.

परवा त्यांच्या लोकांचं प्रदर्शन झालं इथं नाशकात, एका मंगल कार्यालयात. लहान मुलं, आईस्क्रीमचे हात, सगळं. मालधक्का मांडला, नखाएवढे हमाल, खसखशीएवढे कांदे, लोक वाकून वाकून बघत होते. आणि परीक्षक आले, बाहेरगावचे, स्वतःचं भिंग घेऊन. एक एक डबा बघत गेले, छान, सुंदर, अचूक... आणि सतराव्यापाशी थांबले. तीन वर्षं मी बोंबलतेय, एवढं कोण बघतंय, आणि मेल्यानं नेमकं तेवढंच बघितलं.

‘आहेर साहेब, या एकाची खुट्टी मारलेली नाही. एवढं काम आणि शेवटी हा निष्काळजीपणा? कोणी केलाय हा डबा?’

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं सांगणार होते, लासलगाव, सावळीराम, सगळं. यांनी माझं कोपर दाबलं.

‘मीच केलाय,’ म्हणाले.

‘विसरलात?’

‘हो.’

परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी खोडलं. हे त्या डब्यासमोर हात मागे बांधून उभे होते, ताठ. इतकं ताठ मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं.

पहिलं बक्षीस कोणा पुलाला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ. माइकवरून नाव पुकारलं, हे वर गेले, फोटो काढला, आणि रंगीत कागदात गुंडाळून काय दिलं असेल? स्टीलचा डबा. म्हणजे घरात आता अठरा. घरी येऊन बघते तर याचं झाकणच नीट बसत नाही. कोणाला सांगितलं नाही मी. वरून रबर लावते आणि फळीवर ठेवून देते.