कोरडा खड्डा

शोभाबाई : नाही भाऊ, खड्डा कोरडा नाही ठेवायची मी. बादली भरून आनलीय.

प्रज्ञेश : मावशी, बादली खाली ठेवा. वीज जमिनीत उतरवायचा हा खड्डा मला पाणी न टाकता मोजायचाय. टाकून मोजलं की बमरोलीतल्या सगळ्याच मिलचं अर्थिंग छान येतं.

शोभाबाई : मी धुळ्याले हळदीले गेली व्हती. खड्ड्याले पानी पडलं नाही, अन् माझा पोरगा योगराज छपरावर पत्र्याची गळती बुजवताना वीज पडून गेला.

प्रज्ञेश : पाण्यामुळे गेला, हे कोणी सांगितलं?

शोभाबाई : सुपरवायझर बोलला. मंग सगळी मिल बोलली. सून माझी, नूतन, वरती साड्यांच्या घड्या करते. तवापासून मले हाक नाही मारत. नातवाले माझ्या हातचं खाऊ नाही देत.

प्रज्ञेश : रडू नका, मावशी.

शोभाबाई : रडू येतच नाही. जेवन जातं, झोप लागते, बादली उचलते. बस.

प्रज्ञेश : थांबा जरा... हे बघा. कोरडा असून रीडिंग बराबर आहे. तुमच्या पाण्यावर काही अडलं नव्हतं.

शोभाबाई : मंग वीज जमिनीत का नाही गेली?

प्रज्ञेश : तेच शोधत होतो. ऑफिसात कॉम्प्युटरवर ही मिल उभी केली आणि छपरावरून एक मोठा गोळा लोळवला. गोळा जिथे टेकेल, तिथे वीज पडू शकते. तो सगळीकडे वीज झेलायला छपरावर ताणलेल्या तारेवरच टेकला, पत्र्याला लागलाच नाही. मिल एकदम सेफ. पण नकाशा जुना होता ना, नवे पत्रे बसायच्या आधीचा.

शोभाबाई : मले नाही समजत.

प्रज्ञेश : तारेतली वीज या तांब्याच्या पट्टीतून खड्ड्यात उतरते. ती पट्टी वर, पत्र्याखाली कापलेली आहे. खाली रस्ता नसला की वीज जवळच्या माणसावर जाते. नवे पत्रे बसवताना कोणीतरी कापली, परत जोडली नाही.

शोभाबाई : होळीनंतर बसवले पत्रे.

प्रज्ञेश : कोणी?

शोभाबाई : योगराजनं. ठेकेदाराले घाई व्हती. घरी येऊन बोलला, माय, एक पट्टी आडवी येत व्हती, कापून टाकली. मी म्हटलं, हात धू, जेवून घे.

प्रज्ञेश : त्याला कोणी सांगितलंच नसेल, मावशी. ठेकेदाराने बघायला पाहिजे होतं.

शोभाबाई : तू पट्टी आजच जोडून घे. वर अजून लोकांची पोरं चढतात.

प्रज्ञेश : आजच जोडतो. पण पट्टी कापलेली होती, हे मला लिहावं लागेल.

शोभाबाई : कोनी कापली, ते बी?

प्रज्ञेश : ते नाही लिहीत आम्ही.

शोभाबाई : मंग लिही. जेवनाच्या सुट्टीत नूतन खाली येईल. तुले इचारील.

प्रज्ञेश : सांगतो ना, खड्डा चांगला होता, तुमची चूक नव्हती. बोलायला लागेल तुमच्याशी.

शोभाबाई : अन् मंग इचारील, चूक कोनाची. पत्रे कोनी बसवले, ते तिले ठाव आहे.

प्रज्ञेश : मग काय सांगू तिला?

शोभाबाई : खड्डा कोरडा व्हता म्हन. सरक आता, पानी टाकू दे.