फॅक्सच्या रकान्यातलं अस्वल

(मुलांच्या दवाखान्यातली नोंदणीची खोली. टेबलावर दोन संगणक, एक जुना, एक नवा.)

प्रोग्रामर : …म्हणून म्हणते सिस्टर, जुन्यातला प्रत्येक रकाना नव्यात कुठे जायचा, एवढंच मला जुळवायचंय. नाव नावात, जन्मतारीख जन्मतारखेत. सगळे गुण्यागोविंदानं गेले. फॅक्स तेवढा गाळला.

सिस्टर : गाळलास म्हणजे?

प्रोग्रामर : नव्यात तो नाहीच. आता फॅक्स कोण पाठवतं?

सिस्टर : तेव्हाही कोणी पाठवत नव्हतं. रिकामं घर दिसलं, मी राहायला गेले. उघडून तर बघ.

प्रोग्रामर : 'आधी कापडी अस्वलाला टोचा.' 'डावा हात घ्या, उजवीकडून गेलं की चावते.' 'डॉक्टरांना चष्मा काढायला सांगणे.' अहो, हे काय आहे?

सिस्टर : अठरा वर्षं आहेत ती. अकराशे पोरं. कोण कशानं रडतं, कशानं गप्प होतं.

प्रोग्रामर : चांगला ऐसपैस 'शेरा' होता की त्यासाठी.

सिस्टर : तो डॉक्टरांचा. त्यात अस्वल लिहिलं असतं तर माझंच डोकं तपासलं असतं त्यांनी.

प्रोग्रामर : जुना प्रोग्रॅम एक वाजता कायमचा बंद होतोय. अर्धा तास उरलाय.

सिस्टर : मग कर काहीतरी, बाई. उद्यापासून मी वरच्या मजल्यावर. इथे सुई नवी मुलगी टोचणार. तिला अस्वलाचं कोण सांगणार?

प्रोग्रामर : ॲलर्जीच्या रकान्यात टाकू? तिथे जागा आहे.

सिस्टर : टाक की. डॉक्टर अस्वलाच्या ॲलर्जीवर गोळ्या लिहून देतील.

प्रोग्रामर : एक मोकळा रकाना आहे खरा. पण दवाखान्याच्या साहेबांनी तो पालकांच्या गाडीच्या नंबरासाठी राखलाय.

सिस्टर : गाडी रडते का सुईला? साहेबांचं मी बघते. त्यांच्या नातवासमोर काय लिहिलंय, वाच.

प्रोग्रामर : 'आजोबांना बाहेर थांबवणे.'

सिस्टर : त्यांना पाठ आहे ते. नाही म्हणायचे नाहीत. फोन लाव.

प्रोग्रामर : तुम्हीच बोला. …काय म्हणाले?

सिस्टर : हसले. घे म्हणाले रकाना.

प्रोग्रामर : हा जोडला. नाव काय देऊ?

सिस्टर : फॅक्सच दे, हाताला सवय आहे.

प्रोग्रामर : नको. म्हणजे पुन्हा कोणीतरी माझ्यासारखी येऊन गाळेल. 'सुईआधी वाचा' देते.

सिस्टर : शहाणी आहेस.

प्रोग्रामर : चालले… हजार… अकराशे. सगळे पोचले. आता एखादं नाव सांगा, तपासून बघू.

सिस्टर : तुझ्या लेकीचंच काढ. गेल्या महिन्यात आणली होतीस ना?

प्रोग्रामर : ती कुठे रडली? तिचा रकाना रिकामाच असणार. …नाव बरोबर, तारीख बरोबर. सुईआधी वाचा…

सिस्टर : थांबलीस का? वाच ना.

प्रोग्रामर : 'मुलगी शांत. आईला खुर्ची द्या.'